मुलाँ रूज : लास व्हेगासमधलं सहा महिन्यांचं कॅसिनो-हॉटेल

मोजावे

लास व्हेगासच्या गेलेल्या हॉटेलांचा विषय निघाला की सँड्स, ड्यून्स, स्टारडस्ट, डेझर्ट इन हीच नावं घेतली जातात. ती गेलीसुद्धा थाटात. सुरुंग लावून पाडली, टीव्हीवर दाखवली, लोक बघायला जमले. मला ज्याबद्दल लिहायचंय ते हॉटेल स्ट्रिपवर, म्हणजे बड्या कॅसिनो-हॉटेलांच्या रस्त्यावर, नव्हतंच, आणि गेलं तेही तुकड्यातुकड्याने.

नाव मुलाँ रूज, पॅरिसच्या प्रसिद्ध रंगमंदिरावरून उचललेलं. २४ मे १९५५ ला उघडलं, त्याच नोव्हेंबरात बंद पडलं आणि डिसेंबरात दिवाळखोरीत निघालं. बांधायला ३५ लाख डॉलर लागले होते. ११० खोल्या, कॅसिनो, रंगमंच असलेलं भोजनगृह, बार, पोहण्याचा तलाव. आकाराने स्ट्रिपवरच्या हॉटेलांपुढे काहीच नाही. वेगळेपण एवढंच की तिथे गोऱ्या आणि काळ्या, दोन्ही गिऱ्हाइकांना पुढच्या दाराने प्रवेश होता. शहरातल्या मोठ्या कॅसिनो-हॉटेलांत असं करणारं ते पहिलं.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धात आजच्या हेंडरसन गावाजवळ बेसिक मॅग्नेशियम या कंपनीचा प्रचंड कारखाना उभा राहिला. तिथल्या कामासाठी आर्कान्सामधलं फोर्डाइस आणि लुइझियानामधलं टलूला अशा गावांतून काळी कुटुंबं आली. शहरात त्यांना घरं मिळेनात. रेल्वेच्या रुळांपलीकडे वेस्टसाइड नावाची वस्ती होती, तिथे ती राहू लागली. वस्तीतले रस्ते कच्चे. पुढे स्ट्रिपवर हॉटेलं वाढली तेव्हा याच लोकांना नोकऱ्या मिळाल्या, पण मागच्या बाजूच्या : चादरी बदलणं, भांडी घासणं, फरशा पुसणं, सामान उचलणं. गिऱ्हाईक म्हणून आत पाऊल टाकायची सोय नव्हती. नेवाडाला तेव्हा 'पश्चिमेचं मिसिसिपी' म्हणत ते उगाच नाही.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची तऱ्हा तर आणखी विचित्र. ज्यांचं नाव हॉटेलच्या पाटीवर हातभर अक्षरांत झळकायचं, त्यांना कार्यक्रम संपला की स्वयंपाकघराच्या बाजूने बाहेर पडून झोपायला वेस्टसाइडला जावं लागे. तिथे एफ स्ट्रीटवर हॅरिसन हाउस नावाचं खानावळवजा अतिथिगृह होतं. बड्या बड्या कलाकारांनी तिथे मुक्काम केलाय. मोजक्या मोठ्या नावांनी करारातच अटी घालून सवलत मिळवली होती. १९५२ मध्ये जोसेफिन बेकर ही काळी गायिका एल रांचो हॉटेलात गायली ती प्रेक्षकांत काळी माणसं बसू देण्याच्या अटीवरच. पण हे अपवाद.

अशा शहरात, वेस्ट बोनान्झा रोडवर, वेस्टसाइडच्या तोंडाशी हे हॉटेल उघडलं. दारात स्वागताला कोण, तर जो लुई. बारा वर्षं हेवीवेट जगज्जेता राहिलेला मुष्टियोद्धा. हॉटेलात त्याचा छोटासा हिस्साही होता. बाकी मुख्य मालक गोरे होते, हेही सांगून ठेवतो. दर्शनी बाजूला वळणदार अक्षरांतली निऑनची पाटी बेटी विलिस या बाईंनी काढलेली. 'वेलकम टू फॅब्युलस लास व्हेगास' ही जगभर माहीत असलेली पाटी याच बाईंची, १९५९ ची.

आणि तरी सहा महिन्यांत खेळ खलास. का, यावर आजही एकमत नाही. धागा त्यासाठीच काढलाय.

पत्तेबाज

वा, मस्त विषय. पण मला आधी एक मूलभूत प्रश्न पडलाय. कॅसिनो बुडतोच कसा? सगळे म्हणतात शेवटी जिंकतो तो कॅसिनोच. आमच्या जत्रेतल्या काळा-पिवळावाल्यालाही कधी कर्जबाजारी झालेला पाहिला नाही.

लेखापाल

पत्तेबाज, कॅसिनो जिंकतो तो लाखो डावांच्या सरासरीत. एका रात्रीत तो हरू शकतो, लागोपाठ चार रात्रीही हरू शकतो. त्यासाठी तिजोरीत रोख गंगाजळी लागते. ती पातळ असेल तर दोन नशीबवान गिऱ्हाइकं तुम्हाला झोपवू शकतात.

दुसरं असं की त्या काळच्या व्हेगासमध्ये खोल्या, जेवण आणि करमणूक यांत कोणी कमवत नसे. स्वस्त जेवण आणि महागडा कलाकार हे गळाला लावलेलं आमिष. पैसा टेबलांवर. म्हणजे हॉल खचाखच भरला आणि टेबलं रिकामी राहिली, तर जितकी गर्दी तितका तोटा. मुलाँ रूजचं मला तसंच झालेलं दिसतं. तिथे मध्यरात्रीनंतर जमणारी मंडळी म्हणजे कलाकार, स्ट्रिपवरचे नोकर, नर्तकी आणि त्यांच्यामागे आलेले शौकीन. ते प्यायला आणि ऐकायला येत. ज्यांना जुगार खेळायचा ते संध्याकाळीच स्ट्रिपवर खिसा हलका करून आलेले. आणि जवळ राहणारं काळं गिऱ्हाईक? ज्यांना चांगल्या पगाराची नोकरीच मिळत नव्हती ते टेबलावर लावणार किती?

तिसरं कारण भांडवल. नेवाडाच्या कायद्यानुसार तेव्हा कॅसिनोच्या प्रत्येक भागधारकाला परवाना घ्यावा लागे, त्यामुळे शेअर बाजारातून पैसा उभारणं अशक्यच होतं. हा अडसर निघाला १९६७ आणि १९६९ मधल्या कायद्यांनी. बँका तर या धंद्याला कर्ज द्यायला नाकं मुरडत. मग पैसा यायचा खाजगी खिशांतून, आणि ते खिसे माफियांचे हे सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्यामागे असा खोल खिसा नाही त्याला बांधकामाची देणी भागवता भागवता नाकी नऊ येत.

मोजावे

लेखापाल, बरोबर. त्यात १९५५ चा वसंतच मुळी वाईट होता. एप्रिलमध्ये न्यू फ्रंटियर, रॉयल नेवाडा आणि रिव्हिएरा, २३ मे ला ड्यून्स, २४ ला मुलाँ रूज. दोनेक महिन्यांत पाच! १९५० च्या जनगणनेत लास व्हेगास शहराची वस्ती पंचवीस हजारांच्या आत होती हे लक्षात घ्या. पाचांपैकी जवळजवळ सगळ्यांनाच घरघर लागली. रिव्हिएरा काही महिन्यांत दुसऱ्यांच्या हाती गेलं, ड्यून्स चालवायला सँड्सच्या लोकांना बोलवावं लागलं, रॉयल नेवाडा दोन-तीन वर्षांत मिटलं.

एक गंमत सांगतो. २० जून १९५५ च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मुलाँ रूजच्या नर्तकी आहेत. देशभर घरोघरी गेलेला अंक. याहून मोठी जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती. आणि त्याच मुखपृष्ठावर मथळा होता तो लास व्हेगासची भरभराट आवाक्याबाहेर गेलीय का, असं विचारणारा.

रेवती_प

मी वाचलंय की स्ट्रिपवरच्या माफियांनीच ते बंद पाडलं. त्यांची गिऱ्हाइकं रात्री तिकडे पळायला लागली म्हणून. बँकांवर दबाव आणला वगैरे. तुमच्या ताळेबंदापेक्षा मला हे जास्त पटतं.

शंकासूर

पटतं कारण गोष्ट चांगली आहे. पुरावा?

स्ट्रिपवरच्या नर्तकींना 'तिकडे दिसलात तर नोकरी जाईल' असा दम दिला जायचा, हे तेव्हाच्या लोकांनी आपल्या आठवणींत सांगितलंय. ते मान्य. मालकांना राग होता हेही मान्य. पण रॉयल नेवाडा कोणी बुडवलं? तिथे तर वर्णभेद मोडायचा प्रश्नच नव्हता. एकाच हंगामात पाच दुकानं उघडली आणि सगळी धापा टाकू लागली, तर त्यातल्या एकासाठीच वेगळं कारस्थान कशाला हवं?

रेवती_प

बाकीची धापा टाकत होती, पण त्यांना कोणीतरी येऊन प्राणवायू दिला ना? ड्यून्सला सँड्स धावून आलं, रिव्हिएराला नवे चालक मिळाले. मुलाँ रूजला कोणीच का नाही आलं? धक्का कोणी दिला हे सिद्ध होणार नाही. हात कोणी दिला नाही हे मात्र दिसतंय.

शंकासूर

हा मुद्दा चांगला आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जॅझप्रेमी

पैशाअडक्याचं बोलून झालं असेल तर त्या रात्रींबद्दलही कोणीतरी लिहा! बरं, मीच लिहितो.

कार्यक्रमाचं नाव होतं 'ट्रॉपी कॅन कॅन'. नृत्यं बसवली होती क्लॅरेन्स रॉबिन्सनने, हार्लेमच्या कॉटन क्लबसाठी काम केलेला माणूस. काळ्या नर्तकींचा सबंध ताफा आणि साथीला बेनी कार्टरचा वाद्यवृंद. बेनी कार्टर म्हणजे ऑल्टो सॅक्सोफोनवरचा दादा माणूस, शिवाय संगीतरचनाकार. निवेदनाला बॉब बेली, जो आधी काउंट बेसीच्या वाद्यवृंदात गायचा.

सगळ्यात भारी कल्पना कार्यक्रमाच्या तिसऱ्या खेळाची. स्ट्रिपवर रात्री दोन खेळ होत. मुलाँ रूजने पहाटे अडीचच्या सुमाराला तिसरा सुरू केला. म्हणजे स्ट्रिपवर ज्यांचं काम संपलं ते सगळे मोकळे! गायक, वादक, पत्ते वाटणारे, नर्तकी, सगळे बोनान्झा रोडकडे. सिनात्रा, सॅमी डेव्हिस ज्युनियर, हॅरी बेलाफोंटे, नॅट किंग कोल या गायकांची नावं तिथल्या आठवणींत सारखी येतात. बघायला आलेला माणूसच मंचावर चढून गाऊ लागे. जे लोक चार तासांपूर्वी एकाच हॉटेलात काम करूनही एका टेबलाला बसू शकत नव्हते, ते इथे एकत्र बसून दारू पीत होते. मला वाटतं त्या हॉटेलची खरी कमाई म्हणजे ती पहाट. ताळेबंदात ती दिसणार नाही, लेखापाल.

आणि एक काळी बाजू. टेनर सॅक्सोफोन वाजवणारा वॉर्डेल ग्रे, वय ३४, बेनी कार्टरच्या वाद्यवृंदातून उद्घाटनासाठी आला होता. हॉटेल उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मरण पावला. मान मोडलेल्या अवस्थेतला त्याचा देह शहराबाहेर वाळवंटात सापडला. अमली पदार्थांशी संबंध जोडून पोलिसांनी प्रकरण मिटवलं, पण जॅझवाले त्यावर आजही वाद घालतात. त्याची पन्नासच्या आसपासची ध्वनिमुद्रणं ऐका. इतका सहज, इतका गोड वाजवणारा क्वचितच.

पत्तेबाज

वॉर्डेल ग्रेचं माहीत नव्हतं. बापरे.

एक ऐकीव गोष्ट : एका काळ्या कलाकाराने स्ट्रिपवरच्या हॉटेलच्या तलावात पाय बुडवला म्हणून सगळं पाणी काढून टाकलं होतं. ते खरं का?

शंकासूर

ती गोष्ट कधी डोरोथी डँड्रिजच्या नावावर सांगतात, कधी सॅमी डेव्हिसच्या. हॉटेलही बदलतं. अशा गोष्टी खऱ्या अपमानांच्या जागी उभ्या राहतात. खरे अपमान लेखी करारांत होते, ते पुरेसे आहेत.

गोदाकाठची

धागा आवडला. वाचताना महाड डोळ्यासमोर येणं अपरिहार्य आहे, म्हणून लिहून टाकते. सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न तोच. आणि आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, तेव्हा हा धागा आपल्या बाजूनेही जोडलेला आहे. पण तुलना फार ताणणार नाही. तळ्याचं पाणी आणि कॅसिनोतलं टेबल यांत फरक आहे.

मला प्रश्न वेगळाच पडलाय. सिनात्रा आला, बेलाफोंटे आला, छान. चादरी बदलणाऱ्या बायकांचं काय झालं? त्या सहा महिन्यांत त्यांना काय मिळालं?

मोजावे

गोदाकाठची, नेमका प्रश्न.

मुलाँ रूजमध्ये काळ्या लोकांना पुढच्या बाजूची कामं मिळाली : पत्ते वाटणं, पेयं देणं, गिऱ्हाइकांशी बोलणं. मोठ्या हॉटेलात हे आधी नव्हतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीच माणसं पुन्हा रस्त्यावर. ज्यांनी टेबलावरचं काम शिकून घेतलं त्यांना स्ट्रिपवर कोणी उभं करेना. त्यांच्यासाठी उरल्या वेस्टसाइडच्या जॅक्सन स्ट्रीटवरच्या छोट्या क्लबांतल्या जागा. त्यामुळे ते सहा महिने म्हणजे सुवर्णकाळ वगैरे जे लिहिलं जातं ते मला अर्धवट वाटतं. त्या इमारतीचं मोठं काम तिच्यात जुगार चालू असताना झालंच नाही. ते झालं पाच वर्षांनी.

१९६० साल. १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि देशभर तसे सत्याग्रह सुरू झाले. लास व्हेगासमध्ये तेव्हा जेम्स मॅकमिलन नावाचे दंतवैद्य होते, शहरातले पहिले काळे दंतवैद्य, आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष. त्यांनी महापौर ओरान ग्रॅगसन यांना पत्र लिहिलं : हॉटेलांतला भेदभाव थांबवण्यासाठी तुम्ही काय करणार ते कळवा, नाहीतर शनिवार २६ मार्चला आम्ही स्ट्रिपवर मोर्चा काढू.

यातली मेख अशी की स्ट्रिप लास व्हेगास शहरात येतच नाही! आजही नाही. शहराचे कर चुकवण्यासाठी तिथल्या मालकांनी १९५० मध्ये पॅराडाइज नावाचा वेगळा भाग जाहीर करून घेतला होता. त्यामुळे महापौरांना तिथे काडीचा अधिकार नव्हता. खरा निर्णय घेणारे लोक कोणत्याच कार्यालयात बसत नव्हते.

मॅकमिलनना धमक्या आल्या. लेक मीडच्या तळाशी जाल, अशाही. त्यांनी मग त्याच लोकांना मध्यस्थामार्फत निरोप पाठवला : मला तुमच्या धंद्यात हिस्सा नकोय, हे शहर सगळ्यांसाठी खुलं झालं तर तुमचाच गल्ला वाढेल. मालकांनी आपसांत हिशेब केला. टीव्हीवर स्ट्रिपवरचा मोर्चा, पोलीस, लाठ्या दिसल्या तर पर्यटक येणार कशाला? मोर्चाच्या आधीच होकार आला. २६ तारखेला मोर्चाऐवजी बैठक झाली, मुलाँ रूजमध्ये. राज्यपाल ग्रँट सॉयर, महापौर, 'लास व्हेगास सन'चे संपादक हँक ग्रीनस्पन, मॅकमिलन आणि संघटनेचे लोक. स्ट्रिपवरचे आणि डाउनटाउनमधले बहुतेक कॅसिनो त्या दिवसापासून काळ्या गिऱ्हाइकांना खुले झाले. हाच तो 'मुलाँ रूज करार'.

रेवती_प

अंगावर काटा आला. ज्या हॉटेलला कोणी वाचवलं नाही त्याच हॉटेलात बसून बाकीच्यांना वाकवलं.

शंकासूर

काटा येऊ द्या, पण थोडं थांबा. स्वतः मॅकमिलन यांनी पुढे आपल्या आठवणी सांगताना म्हटलंय की मुलाँ रूजमध्ये वाटाघाटी झाल्याच नाहीत. सगळं फोनवर आधीच ठरलं होतं, ती बैठक फक्त जाहीर करण्यापुरती. 'करार' म्हणावा असा सह्या केलेला कागदही नव्हता. शिवाय सगळे वाकलेही नाहीत. डाउनटाउनमधला बेनी बिनियनचा हॉर्सशू अडून राहिला होता.

राज्यपाल आणि संपादकांची छायाचित्रं निघाली, त्यामुळे श्रेय वाटताना ते पुढे. दातांचा दवाखाना चालवणाऱ्या माणसाने जिवावर उदार होऊन पत्र लिहिलं, हे मागे.

लेखापाल

शंकासूर, वाटाघाटी फोनवर झाल्या असतील, पण जाहीर करायला जागा कोणती निवडली? महापालिका नाही, न्यायालय नाही, स्ट्रिपवरचं हॉटेलही नाही. गोरे अधिकारी आणि काळे कार्यकर्ते एका टेबलाला बसू शकतील अशा जागा शहरात मोजक्याच होत्या. म्हणजे १९५५ चं ते 'अपयशी' हॉटेल एवढ्यापुरतं तरी उपयोगी पडलंच.

पत्तेबाज

अवांतर : महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा होता हे किती जणांना माहितीय? १९७६ चा. विधिमंडळाने केला, पण अमलात कधी आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द करायचं ठरलं. सत्तेचाळीस वर्षं एकही कॅसिनो नसलेला कॅसिनो कायदा. हॉटेल सहा महिने चाललं म्हणून काय हसायचं!

मोजावे

पत्तेबाज, यावर वेगळा धागा काढा, नक्की येतो. मांडवीवरच्या तरंगत्या कॅसिनोंचा विषयही तिकडेच घ्या, इथे सुरू झाला तर मूळ विषय बुडेल.

गोदाकाठची

माझा प्रश्न अजून अर्धा शिल्लक आहे. १९६० मध्ये गिऱ्हाईक म्हणून दार उघडलं. नोकर म्हणून?

जुना_पाहुणा

गोदाकाठची, मी काही वर्षं तिकडे होतो, वेस्टसाइडच्या इतिहासाबद्दल जरा वाचलंय, म्हणून लिहितो.

१९६० च्या तडजोडीत नोकऱ्यांचा मुद्दा नव्हताच. काळी व्यक्ती रुले खेळू शकत होती, पण चाक फिरवणाऱ्याच्या जागी उभी राहू शकत नव्हती. १९६१ मध्ये राज्याने समान हक्क आयोग नेमला, पहिले अध्यक्ष वर आलेले तेच बॉब बेली, मुलाँ रूजचे निवेदक. नेवाडाचा नागरी हक्क कायदा आला १९६५ मध्ये. तरी गाडी हलेना. ऑक्टोबर १९६९ मध्ये वेस्टसाइडमध्ये दंगल पेटली. अखेर १९७१ मध्ये केंद्र सरकारच्या न्याय खात्याने खटला भरल्यावर हॉटेलं आणि कामगार संघटना यांनी न्यायालयापुढे लिहून दिलं की काळ्या कामगारांना वरच्या जागांवर घेऊ. म्हणजे दार उघडल्यापासून पगारपत्रकापर्यंत पोचायला अकरा वर्षं.

आणि दुसरी गोष्ट, जी तिथले जुने रहिवासी बोलून दाखवतात. स्ट्रिप खुली झाल्यावर वेस्टसाइडचा धंदा बसला. जॅक्सन स्ट्रीटवर रात्री पाय ठेवायला जागा नसायची. टाउन टॅव्हर्न, एल मोरोक्को, ब्राउन डर्बी असे क्लब होते. स्ट्रिपवर गाणारे तारे तिथे येऊन पहाटेपर्यंत गायचे. १९६० नंतर ते स्ट्रिपवरच थांबू लागले, गिऱ्हाईकही तिकडे गेलं. हॅरिसन हाउसची गरज उरली नाही. जे भेदभावामुळे एकवटलं होतं ते विखुरलं. भेदभाव राहायला हवा होता असं कोणी म्हणत नाही. पण विजयाचं बिल कोणी भरलं, तर त्याच वस्तीतल्या दुकानदारांनी.

रेवती_प

हे वाचून गप्प झाले. हा भाग कुठेच लिहिलेला दिसत नाही.

लेखापाल

जुना_पाहुणा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच मोलाचा. एक शंका. इमारतीचं पुढे काय झालं? १९५५ ते १९६० रिकामीच होती का?

मोजावे

नाही, नंतर वेगवेगळ्या मालकांनी तिथे हॉटेल, मोटेल, बार असं काहीबाही चालवलं. जुनं रूप परत आलं नाही. पुढे पुढे तर आठवड्याच्या भाड्याच्या खोल्या.

वाचवायचा मनापासून प्रयत्न केला तो सॅरन नाइट प्रेडी या बाईंनी. नेवाडात जुगाराचा परवाना मिळवणारी पहिली काळी स्त्री, तोही १९५० मध्ये, हॉथॉर्न नावाच्या आडगावात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कुटुंबाने मुलाँ रूज घेतलं. १९९२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचं नाव लागलं. पण यादीत नाव लागणं वेगळं आणि छताच्या दुरुस्तीला पैसे मिळणं वेगळं. कर्ज मिळेना, अखेर हातातून गेलं. १९५५ मध्ये जी अडचण होती तीच चाळीस वर्षांनी.

२९ मे २००३ ला मोठी आग लागली, मुख्य इमारत गेली. दर्शनी भाग आणि मनोरा तेवढा राहिला. मे २००९ मध्ये पुन्हा आग. सुदैवाने बेटी विलिसच्या पाटीची अक्षरं त्याच्या थोडंच आधी उतरवून निऑन संग्रहालयाकडे नेली होती. उरलेलं २०१० मध्ये पाडलं. मधल्या काळात नव्या हॉटेलच्या, संग्रहालयाच्या किती घोषणा झाल्या त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी चित्रं सुंदर असायची.

पत्तेबाज

नवी घोषणा, सुंदर चित्र, रिकामा प्लॉट. हे मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं.

जॅझप्रेमी

जो लुईचं पुढे काय झालं?

मोजावे

करखात्याने त्याला आयुष्यभर पिळलं. उतारवयात तो सीझर्स पॅलेसमध्ये पुन्हा तेच काम करत होता, दारात येणाऱ्यांशी हस्तांदोलन. फक्त आता हॉटेल स्ट्रिपवरचं होतं.

लेखापाल

मार्चमध्ये कामासाठी व्हेगासला जातोय. एक संध्याकाळ मोकळी आहे. या सगळ्यातलं आज काय बघता येईल?

जुना_पाहुणा

बोनान्झा रोडवरच्या मूळ जागी जाऊन हाती काही लागणार नाही. निऑन संग्रहालयाला जा. मुलाँ रूजची अक्षरं दुरुस्त करून २०१८ पासून पुन्हा पेटवली आहेत. तिकीट अंधार पडल्यानंतरचंच काढा, दिवसा ते नुसते पत्रे वाटतात.

तिथे तिकीट घेताना ज्या शिंपल्याच्या आकाराच्या इमारतीत तुम्ही उभे असाल ती ला कोंचा मोटेलची जुनी लॉबी. स्ट्रिपवरून तुकडे करून आणून पुन्हा जोडलीय. तिचे वास्तुविशारद पॉल विल्यम्स, काळे. वेस्टसाइडजवळची बर्कली स्क्वेअर ही वसाहतही त्यांचीच, १९५४-५५ ची, म्हणजे मुलाँ रूज बांधलं जात होतं त्याच सुमाराची. काळ्या कुटुंबांना स्वतःच्या मालकीचं नीटस घर मिळावं म्हणून केलेली. तिथे आजही लोक राहतात, त्यामुळे गाडीतूनच बघा, अंगणांचे फोटो काढू नका. हॅरिसन हाउसही एफ स्ट्रीटवर उभं आहे. आत जायचं असेल तर आधी चौकशी करून जा.

लेखापाल

धन्यवाद. एफ स्ट्रीट आणि संग्रहालय नक्की करतो. आल्यावर इथेच फोटो टाकतो.